दुर्बिणीचं आयुष्य पंचवीस वर्षांचं, निधीचं बारा महिन्यांचं

प्रति,
कार्यकारी परिषद, अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन, नवी दिल्ली
सचिव, विज्ञान आणि तंत्रज्ञान विभाग
सचिव, अणुऊर्जा विभाग
सचिव, अंतराळ विभाग

विषय : खगोलभौतिकीची उपकरणं विकसित करण्यासाठी सलग निधी आणि जाहीर वेळापत्रक मिळण्याबाबत

महोदय, महोदया,

स.न.वि.वि.

मी शास्त्रज्ञ नाही. नवी मुंबईत रबाळे एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. लेथ, एक व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग यंत्र), टिग वेल्डिंगसाठी पार्टिशन घालून वेगळी केलेली खोली आणि हाताखाली मोजकी माणसं. पोटापाण्याचं काम म्हणाल तर औषध कंपन्यांचं आणि डेअऱ्यांचं : स्टेनलेस स्टीलच्या टाक्या, पाइप, फिटिंग. अधूनमधून संशोधन संस्थांचे जॉब येतात. कधी निर्वात कक्ष, कधी डिटेक्टरचं घर, कधी अँटेनाच्या फीडचे सुटे भाग. धंद्याच्या हिशेबात हा वाटा किरकोळ आहे. माझे सीए दरवर्षी विचारतात, हे कशाला घेता? घेतो, कारण या कामात माणसांचे हात जसे तयार होतात तसे दुधाच्या टाक्या करून होत नाहीत. तेव्हा या पत्रात माझा स्वार्थ आहे, तो आधीच सांगून टाकतो.

कागदावर पैसा कमी नाही. लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेला एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटींची अंतिम मंजुरी मिळाली. एसकेए या जागतिक रेडिओ दुर्बिणीतल्या भारताच्या सहभागासाठी १,२५० कोटी मंजूर झाले, ते जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झालं. फाउंडेशनचा पाच वर्षांचा आराखडा ५०,००० कोटींचा. त्यावर २०२५ मध्ये संशोधन, विकास आणि नवोन्मेष योजनेचे एक लाख कोटी. आमच्या गल्लीतल्या चहाच्या टपरीवर हे आकडे वाचून दाखवले तर लोक म्हणतील, मग आता रडताय कशाला? देशाचा संशोधनावरचा खर्च सकल उत्पादनाच्या ०.६४ टक्क्यांवर अडकला आहे हे खरंच, पण ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. त्यात वेळ घालवत नाही.

घोडं पेंड खातं ते दुसऱ्याच जागी. कल्पना कागदावर असते तेव्हा तिला थोडेफार पैसे मिळतात. प्रकल्पाला मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली की मोठी रक्कम मिळते. मधला टप्पा मात्र उपाशी राहतो. नमुना बनवायचा, तो चाचणीत नापास होणार, कुठे चुकलं ते शोधायचं, पुन्हा बनवायचा, आणि टिकेपर्यंत बनवत राहायचं, असा हा टप्पा. इथं पैसा थेंबाथेंबानं येतो, आणि तोही मध्येच आटतो. आम्ही वर्कशॉपवाले, संस्थांमधले तंत्रज्ञ आणि पीएचडी करणारी मुलं नेमकी याच टप्प्यात काम करत असतो.

हा टप्पा काय असतो ते आमच्या लेथवरच दाखवतो. अतिनिर्वात कक्षाच्या, म्हणजे ज्यातली हवा जवळजवळ पूर्ण काढून टाकायची अशा कक्षाच्या, फ्लँजला (जोडाच्या चकतीला) आतल्या बाजूला गोलाकार धार काढलेली असते. समोरच्या फ्लँजलाही तशीच. मध्ये तांब्याची रिंग ठेवून बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळत गेलं की दोन्ही धारा तांब्यात रुततात आणि जोड बंद होतो. रबराचं गॅस्केट इथं चालत नाही, कारण रबर स्वतःच वायू सोडत राहतं. या धारेला कुठे आडवा ओरखडा गेला, तर डोळ्यांना दिसला नाही तरी हेलियमला सापडतो. म्हणून टर्नरला शेवटचा कट किती बारीक घ्यायचा, टूल कधी बदलायचं आणि जॉब चकमधून काढल्यावर उपडा कुठेही ठेवायचा नाही, एवढं सगळं अंगवळणी पडावं लागतं. नेहमीचं कटिंग ऑइल बंद. गंधक किंवा सिलिकोन असलेलं काहीही धातूला लागलं की ते पुढे निर्वातात उतरतं. वेल्ड आतल्या बाजूनं करायचं. दोन्ही बाजूंनी केलं तर दोन शिवणींच्या मध्ये हवा कोंडते आणि महिनोन्‌महिने झिरपत राहते. बाहेरून कितीही शोधा, गळती सापडत नाही. आतल्या स्क्रूला मधोमध भोक पाडायचं, नाहीतर आट्यांच्या तळाशी अडकलेली हवा हाच खेळ करते. मग धुणं, अल्ट्रासोनिकमध्ये बुडवणं, हातमोज्यांशिवाय न शिवणं, भट्टीत तापवणं. एवढं करून बाहेरून हेलियमचा फवारा मारला आणि आतल्या यंत्रानं तो हुंगला की सगळं पहिल्यापासून.

हे पुस्तकात लिहिलेलं असतं. पुस्तक वाचून वेल्डर तयार होत नाही. माझ्याकडच्या एका मुलाचा हात बसायला बराच काळ गेला, पुष्कळ स्टील भंगारात गेलं आणि अरगॉनच्या सिलिंडरांचा खर्च तर विचारूच नका. तो तयार झाला तेव्हा त्या प्रकल्पाचा पहिला टप्पा संपला. नमुना चाचणीत उतरला होता, संस्थेचे शास्त्रज्ञ खूश होते. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण तिथल्या माणसांचा यात काही दोष नव्हता. दुसऱ्या टप्प्याची फाइल वर गेली आणि तिथंच बसली. मुदतवाढ, शंका, शंकेला उत्तर, उत्तरावर शंका. मी त्या मुलाला पुन्हा दुधाच्या टाक्यांवर लावलं. काही महिन्यांनी त्याला आखातातून चांगली नोकरी आली, तो गेला. मी अडवणार कसा? मंजुरी आली तेव्हा नव्यानं टेंडर निघालं, सर्वांत कमी दराच्या नियमानं काम दुसऱ्याला गेलं. त्या फॅब्रिकेटरनं यापूर्वी पाण्याच्या टाक्या केल्या होत्या. पुढे काय झालं असेल ते तुम्हीच ताडा. सरकारी हिशेबात मात्र त्या वर्षी कुठेही नुकसान झालेलं दिसणार नाही.

आता लायगो-इंडियाकडे पाहा. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, त्यात सव्वा मीटरच्या आसपास व्यासाच्या स्टीलच्या नळ्या, आणि आत हवेच्या दाबाच्या लाख-कोटी पटींनी कमी दाब. अमेरिकेतल्या लायगोचं हे मोजमाप आहे आणि आपलं यंत्रही त्याच घराण्यातलं. गुरुत्वीय लहरी सापडल्याची घोषणा ११ फेब्रुवारी २०१६ ला झाली. आपल्या मंत्रिमंडळानं १७ फेब्रुवारीला, म्हणजे सहा दिवसांत, तत्त्वतः मंजुरी दिली. अंतिम मंजुरीला सात वर्षं लागली. त्या सात वर्षांत जमीन पाहिली गेली, अहवाल झाले, शास्त्रज्ञ तयार झाले. ते आवश्यकच होतं. पण त्याच सात वर्षांत दरसाल थोडी थोडी रक्कम ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या, पुण्याच्या, अहमदाबादच्या वर्कशॉपांकडे नमुन्यांसाठी सोडली असती, तर २०२३ मध्ये अतिनिर्वाताचा हात बसलेले वेल्डर देशात किती तरी जास्त असते. तहान लागल्यावर विहीर खणायची आपली सवय इथं फार महागात पडते, कारण विहीर खणणारी माणसंच तोवर गाव सोडून गेलेली असतात.

हे आपल्याला जमत नाही असं कोणी म्हणू नये. जमलेलं आहे, आणि त्याची सुरुवात आमच्याच ठाणे जिल्ह्यात झालेली आहे. १९६५ मध्ये कल्याणला प्रा. गोविंद स्वरूप यांनी सहा-सहा फुटांच्या ३२ तबकड्यांची रेडिओ दुर्बीण उभी केली. तबकड्या ऑस्ट्रेलियानं दिलेल्या जुन्या होत्या. सूर्याचा अभ्यास झाला, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे टीआयएफआरच्या (टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या) तरुण पोरांचा चमू त्यावर तयार झाला. त्याच चमूनं १९७० पर्यंत उटीला ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद दुर्बीण उभारली. डोंगराचा उतार असा निवडला की दुर्बिणीचा आस पृथ्वीच्या आसाला समांतर यावा; मग एकाच अक्षावर फिरवून आकाशातली वस्तू तासन्‌तास धरून ठेवता येते. महागडी यंत्रणा न लावता डोंगरच कामाला लावला. त्यानंतर जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण. ४५ मीटरच्या ३० तबकड्या, त्यातल्या काही मध्यभागी आणि बाकीच्या तीन दिशांना सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. तबकडीला पत्रा नाही, तर ०.५५ मिलिमीटरच्या स्टेनलेस तारेची जाळी, ताणलेल्या दोरांवर बांधलेली. वाऱ्याला अडथळा कमी, वजन कमी, खर्च कमी. नारायणगावकडून जाताना ही जाळी मी मुद्दाम थांबून पाहतो. एखादा फिटर पाहील तशी पाहतो, आणि दर वेळी वाटतं की ज्या माणसानं हे आखलं त्याला तारेचा भाव आणि वेल्डरची मजुरी दोन्ही पाठ असणार.

कल्याण, उटी, खोडद यांच्यात मला दिसते ती सलगता. माणसं तीच, किंवा त्यांनी शिकवलेली. एक काम संपायच्या आत दुसरं डोक्यात आणि तिसरं कागदावर. जीएमआरटी चालू असतानाच तिचे रिसीव्हर आणि इलेक्ट्रॉनिक्स बदलून ती नव्यासारखी करून घेतली गेली, दुर्बीण वर्षानुवर्षं बंद न ठेवता. जून २०२३ मध्ये अतिमंद गुरुत्वीय लहरींचे पुरावे जगभरच्या गटांनी मांडले, त्यात या दुर्बिणीची निरीक्षणं होती. हे एका रकमेच्या अनुदानातून झालेलं नाही.

याच्या उलट बाजूला अ‍ॅस्ट्रोसॅट ठेवतो. २८ सप्टेंबर २०१५ ला पीएसएलव्ही-सी३० नं सोडलेली आपली पहिली अवकाशातली खगोलीय वेधशाळा. पाच वर्षांसाठी आखलेली आणि त्याहून खूप जास्त चाललेली. अभिमानाची गोष्ट आहे, शंका नाही. पण आतल्या उपकरणांची यादी वर्कशॉपवाल्याच्या नजरेनं वाचा. क्ष-किरणांसाठीचे मोठे वायू डिटेक्टर कुलाब्याला टीआयएफआरमध्ये बनले. अतिनील दुर्बिणीचे डिटेक्टर कॅनडाच्या सहकार्यातून आले, सॉफ्ट एक्स-रे दुर्बिणीच्या कॅमेऱ्यात इंग्लंडच्या लेस्टर विद्यापीठाचा हात, कॅडमियम झिंक टेल्युराइडचे डिटेक्टर इस्रायलमधून. सहकार्य करण्यात कमीपणा नाही, सगळं जग करतं. मात्र ते डिटेक्टर घेतले त्याला आता बराच काळ लोटला, आणि त्या काळात आपण डिटेक्टर बनवण्यावर सलग किती खर्च केला, हा प्रश्न विचारायला हवा. बेंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेनं बनवलेलं पोलिक्स हे क्ष-किरणांचं ध्रुवीकरण मोजणारं उपकरण १ जानेवारी २०२४ ला एक्सपोसॅट उपग्रहावरून गेलं. घरी बनवता येतं हे त्यानं दाखवलं. लडाखमध्ये हानलेला भाभा अणुसंशोधन केंद्र आणि ईसीआयएल ही सरकारी इलेक्ट्रॉनिक्स कंपनी यांनी देशी उद्योगांना घेऊन २१ मीटरची मेस ही गॅमा किरणांची दुर्बीण उभी केली, तिचं उद्घाटन ४ ऑक्टोबर २०२४ ला झालं. तिचे आरसे काचेचे नाहीत, धातूचे आहेत. हिऱ्याच्या टूलनं लेथवर काढलेले! अशा ३५६ पॅनेलांची ती दुर्बीण आहे. तो लेथ चालवणाऱ्याला पुढचं काम मिळालं का, एवढंच मला जाणून घ्यायचं आहे.

इथं अडचण अशी असते : तंत्रज्ञान तयार नाही म्हणून मोहीम मंजूर होत नाही, आणि मोहीम मंजूर नाही म्हणून तंत्रज्ञानाला पैसा नाही. अमेरिकेत नासाच्या खगोलभौतिकी विभागानं हा पेच सोडवायला वेगळी अनुदानं ठेवली आहेत. एक डिटेक्टरच्या पहिल्या पायरीसाठी आणि बलून किंवा छोट्या रॉकेटवरच्या प्रयोगांसाठी, दुसरं ते तंत्र मोहिमेत बसवण्याइतकं पक्कं करण्यासाठी. कोणत्या मोहिमेसाठी कोणतं तंत्र अजून कमी पडतंय याची यादीही ते प्रसिद्ध करतात. दर दहा वर्षांनी खगोलशास्त्रज्ञ एकत्र बसून प्राधान्यक्रम ठरवतात. शेवटचा अहवाल नोव्हेंबर २०२१ चा. तिकडेही सगळं आलबेल नाही. २०२६ च्या अंदाजपत्रकासाठी तिथल्या प्रशासनानं नासाच्या विज्ञानखर्चात जवळपास निम्मी कपात सुचवली होती. तरी पद्धत घेण्यासारखी आहे.

आणि आपल्याकडे साधनं नाहीत असंही नाही. टीआयएफआरची हैदराबादची बलून सुविधा कित्येक दशकं डिटेक्टर वर नेऊन तपासून देते आहे. पीएसएलव्हीचा चौथा टप्पा मोहीम संपल्यावर कक्षेत ठेवून त्यावर प्रयोग करू देणारा इस्रोचा पोएम मंच २०२२ पासून आहे, आणि त्यावर विद्यार्थ्यांची आणि स्टार्टअपची उपकरणंही गेली आहेत. गाडी आहे, त्यात बसवायचं उपकरण बनवायला वेळेवर पैसा नाही. मेगा सायन्स व्हिजन २०३५ या उपक्रमात खगोलभौतिकीचा स्वतंत्र आराखडाही तयार झालेला आहे. माझी मागणी त्या आराखड्याला वर्षावार रक्कम आणि तारखा जोडा, इतकीच आहे.

आता ३१ मार्च. तुमच्या कार्यालयात हा दिवस कसा जातो माहीत नाही, आमच्या गल्लीत मात्र त्या दिवशी दर वर्षी दिवाळी आणि तेरावं एकदमच येतं. अनुदान शून्य शिल्लक खात्यातून खर्च करायचं आणि वर्षअखेरीला न वापरलेली रक्कम परत जाणार, ही व्यवस्था आणण्यामागचा हेतू मला कळतो. बँकेत वर्षानुवर्षं पडून राहिलेला पैसा कोणालाच आवडत नाही. पण संशोधन उपकरणाची खरेदी ही खुर्च्या-टेबलांची खरेदी नव्हे. हप्ता नोव्हेंबर-डिसेंबरात येतो, खरेदी समितीची बैठक जानेवारीत होते, परचेस ऑर्डर फेब्रुवारीत निघते आणि माल मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात हवा असतो. ज्या जॉबला मटेरिअल मागवण्यापासून गळती चाचणीपर्यंत चार महिने लागतात तो सहा आठवड्यांत मागितला जातो. मग काय होतं? शास्त्रज्ञ बिचारा फोन करून म्हणतो, चाचणी नंतर करू, आधी बिल द्या. तयार माल मिळत असेल तर तो बाहेरून घेऊन मोकळा होतो. देशी नमुना बनवायचा धोका त्याच्या वेळापत्रकात बसतच नाही. आत्मनिर्भरतेचं भाषण एप्रिलमध्ये आणि आयातीचं बिल मार्चमध्ये, असं हे चक्र आहे.

जून २०२५ मध्ये खरेदीचे नियम सैल झाले, त्याबद्दल मनापासून आभार. कोटेशनशिवाय दोन लाखांपर्यंतची खरेदी, समितीमार्फत २५ लाखांपर्यंत, जागतिक निविदेला संचालकांच्याच सहीनं २०० कोटींपर्यंत मान्यता, आणि जीईएम या सरकारी खरेदीच्या पोर्टलला वळसा घालण्याची मुभा. संस्थांमधली माणसं सुस्कारा टाकताना आम्ही पाहिली. हे वर्षानुवर्षं मागितलं जात होतं. पण नियम सैल होऊनही पैसा वर्षाच्या शेवटच्या तिमाहीतच येणार असेल, तर फरक इतकाच पडेल की घाई अधिक सुटसुटीत होईल.

जीएसटीचंही एकदा पाहा. सरकारी संशोधन संस्थांना पुरवलेल्या वैज्ञानिक उपकरणांवर पूर्वी पाच टक्के सवलतीचा दर होता. जुलै २०२२ मध्ये ती सवलत गेली आणि बहुतेक मालावर अठरा टक्के लागू झाले. सरकार एका हातानं अनुदान देतं आणि दुसऱ्या हातानं त्यातला तेरा टक्क्यांचा फरक परत घेतं. संस्थेला त्याचं क्रेडिट सहसा मिळत नाही, म्हणजे तेवढं उपकरण लहान होतं.

फाउंडेशनच्या ५०,००० कोटींपैकी ३६,००० कोटी उद्योगांकडून, सार्वजनिक कंपन्यांकडून आणि दात्यांकडून यायचे आहेत. इथं मला स्पष्ट बोलू द्या. बॅटरीसाठी, औषधासाठी, सेमीकंडक्टरसाठी कंपन्या पैसे देतील. न्यूट्रॉन ताऱ्याच्या क्ष-किरणांचं ध्रुवीकरण मोजण्यासाठी कोण देणार आहे? आणि का द्यावेत? त्यांच्या भागधारकांना ते काय सांगतील? खगोलभौतिकी हे सरकारच्या पैशावर चालणारं शास्त्र आहे, जगभर आहे, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. म्हणून सरकारी वाट्याच्या १४,००० कोटींतून या शाखेला किती, हे वेगळं लिहून दाखवा. एक लाख कोटींच्या योजनेचंही तसंच. ती दीर्घ मुदतीचं, स्वस्त व्याजाचं किंवा बिनव्याजी अर्थसाहाय्य आहे, आणि तंत्र प्रयोगशाळेत बऱ्यापैकी सिद्ध झाल्यावरच मिळतं. ज्या वस्तूला अख्ख्या देशात एक किंवा दोन गिऱ्हाइकं, आणि तीही सरकारी संस्था, तिच्यासाठी कर्ज काढून मी फेडू कुठून? गिऱ्हाइकाची ऑर्डर कधी येईल हे गिऱ्हाइकालाच ठाऊक नसतं. ज्यांचं तंत्र पुढे बाजारात चालणार आहे त्यांना ती योजना लखलाभ असो. आम्हाला अनुदान आणि त्यामागे खात्रीची ऑर्डर हवी.

माणसांचं एक बोलून घेतो. पीएचडी करणाऱ्यांना मिळणाऱ्या जेआरएफ शिष्यवृत्तीची रक्कम जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० झाली, चांगलं झालं. ती वेळेवर येत नाही ही तक्रार मुलं अजून करतातच. त्याहून कमी बोललं जातं ते तंत्रज्ञांबद्दल. संस्थांच्या आतल्या वर्कशॉपमध्ये एकेकाळी असे टर्नर होते की शास्त्रज्ञानं रुमालावर काढलेलं चित्र बघून जॉब उतरवायचे. वाशी-नेरूळला निवृत्त होऊन राहिलेले असे दोघे-तिघे माझ्या ओळखीचे आहेत, अजूनही अडलो की त्यांना फोन करतो. माणूस निवृत्त झाला की जागा रिकामी राहते किंवा कंत्राटी होते, आणि अकरा महिन्यांच्या कंत्राटावरचा मुलगा हात बसायच्या आत दुसरीकडे जातो. इकडे आमच्या पट्ट्यातही तीच गत आहे. ऐरोली, रबाळे, महापे भागात जुन्या कारखान्यांच्या जागी डेटा सेंटर उभी राहत आहेत. जागेचे भाव पाहता बारीक कामाचा गाळा चालवण्यापेक्षा तो विकून टाकणं शहाणपणाचं, असं माझ्या शेजाऱ्यांनी ठरवलं आणि ते हिशेबात बरोबरही आहेत. अशी वर्कशॉप एकदा गेली की पुन्हा उघडत नाहीत.

तर मागणं असं आहे. खगोलभौतिकीच्या उपकरणविकासासाठी निदान पाच वर्षांचं, आणि पहिल्या तीन वर्षांत नीट काम झालं तर आपोआप पुढे चालणारं अनुदान असावं. मंजूर उपकरण प्रकल्पांची उरलेली रक्कम पुढच्या वर्षात नेता यावी. त्यासाठी हवं तर दर तिमाहीला हिशेब मागा, आम्ही आणि संस्था दोघंही देऊ. अर्ज मागवण्याची तारीख आणि निकालाची तारीख वर्षाच्या सुरुवातीलाच छापा, आणि पाळा. अर्जात वर्कशॉपला भागीदार म्हणून पहिल्या दिवसापासून नाव घालू द्या, म्हणजे नमुन्याच्या दुसऱ्या फेरीला पुन्हा कमी दराची शर्यत लागणार नाही. नमुना नापास झाला तर तो का नापास झाला याचा अहवाल हेच त्या वर्षाचं फलित धरा. सध्या सगळे नमुने कागदोपत्री पास होतात, कारण नापास झालेल्याला पुढचा पैसा मिळत नाही. त्यामुळे तीच चूक तीन संस्थांमध्ये तीनदा होते.

उरलेले दहा टक्के हा आमच्यासारख्यांचा जिव्हाळ्याचा विषय. ऑर्डरमध्ये लिहिलेलं असतं, नव्वद टक्के माल पोचल्यावर आणि दहा टक्के बसवून चालू झाल्यावर. माल पोचतो, पण तो जिथं बसवायचा ती इमारतच तयार नसते. मग तो खोका तसाच पडून राहतो आणि आमचे दहा टक्केही. लघुउद्योगांना ४५ दिवसांत पैसे द्यायचे असं २००६ चा कायदा सांगतो, उशीर झाला तर चक्रवाढ व्याजही सांगतो. व्याज मागणाऱ्याला पुढची ऑर्डर मिळेल का, हे मात्र कायद्यात लिहिलेलं नाही. बसवण्याला उशीर आमच्यामुळे नसेल तर ठरावीक मुदतीनंतर रक्कम सुटलीच पाहिजे, एवढं एक वाक्य अनुदानाच्या अटींत घाला.

आणखी एक, खर्चाच्या मानानं फळ मोठं देणारं. नवी मुंबई-ठाणे पट्ट्यात एक सामायिक चाचणी केंद्र द्या. हेलियम गळती तपासणी, निर्वात भट्टी, स्वच्छ खोली, मोजमापाचं यंत्र, आणि ते चालवणारी कायम पगारावरची माणसं. खाडीपलीकडे मुंबईत ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्र आहे, अलीकडे शेकडो वर्कशॉप. मध्ये फक्त असं एक दार नाही, जिथं छोटा माणूस ठरलेली फी भरून आपला जॉब तपासून घेऊ शकेल. प्रत्येकानं आपापलं गळती यंत्र घ्यायचं म्हटलं तर कोणीच घेत नाही. फी घ्या, आम्ही फुकट मागत नाही.

पुढच्या अंदाजपत्रकाची तयारी दरवर्षी ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते, त्याच बैठकांमध्ये चालू वर्षाचे सुधारित अंदाजही ठरतात आणि बहुतेक वेळा विज्ञानाची कात्री तिथंच चालते. त्या बैठकांना जाण्याआधी चारही कार्यालयांनी मिळून फक्त एक पान प्रसिद्ध करावं : येत्या पाच वर्षांत कोणत्या डिटेक्टरवर, कोणत्या आरशांवर, कोणत्या रिसीव्हरवर काम हवं आहे, त्याचे अर्ज कोणत्या महिन्यात मागवणार आणि पैसे कोणत्या महिन्यात सुटणार. पान मराठीत नसलं तरी चालेल. त्यावर तारखा असल्या की मी टिग वेल्डरच्या रिकाम्या जागेसाठी माणूस शोधायला लागेन. त्याला तयार करायला जो वेळ लागतो तो आत्तापासून धरला तरच जमेल.

कळावे,

आपला,
रबाळ्यातला एक वर्कशॉपवाला
नवी मुंबई